रडणारीकडे नको, ऐकणारीकडे बघा

मालिकेतल्या अभिनयाबद्दल आपल्याकडे दोनच शेरे चालतात. एक, "काय रडली ना ती काल!" आणि दुसरा, "किती ओव्हरॲक्टिंग करतात हे लोक." पहिल्या शेऱ्यातलं निम्मं श्रेय ग्लिसरीनचं आणि मागे वाजणाऱ्या बासरीचं असतं. दुसऱ्यातला निम्मा दोष एडिट टेबलावरचा असतो. नटाच्या वाट्याला नेमकं किती येतं हे कळायला मालिका बनते कशी हे थोडं ठाऊक असावं लागतं.

आधी वेळेचा हिशेब. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंसाठी. म्हणजे अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये चोवीसेक मिनिटं उरतात. त्यातून 'मागील भागात', शीर्षकगीत आणि 'पुढील भागात' वजा केलं की नवा मजकूर वीस-बावीस मिनिटांचा. तो आठवड्यातून सहा दिवस लागतो, महाएपिसोड असला की त्याहून जास्त. शिफ्ट बारा तासांची, साधारण सकाळी नऊ ते रात्री नऊ. सिनेमाच्या युनिटला दिवसाला दोन-तीन मिनिटं पदरात पडली तरी दिवस बरा गेला म्हणतात. मालिकेच्या युनिटला तेवढ्याच वेळात अख्खा भाग उरकायचा असतो. गोरेगावची चित्रनगरी असो, मढचा बंगला असो की घोडबंदर रोडवरचा शेड, गणित तेच. बरेचदा सीनचे कागद त्याच दिवशी सकाळी हातात पडतात आणि लांबलचक वाक्यं असली की कॅमेऱ्यामागून असिस्टंट वाक्यं पुरवतो, म्हणजे प्रॉम्प्टिंग करतो.

प्रॉम्प्टिंग घरबसल्या ओळखता येतं. नट वाक्याच्या मध्येच, अर्थाच्या दृष्टीने जिथे थांबायचं कारण नाही तिथे थांबतो आणि नजर किंचित निसटते. "मी या घरासाठी... (नजर) ...इतकी वर्षं झिजले." खरा विराम वाक्यातल्या जड शब्दाआधी येतो, उसना विराम कुठेही पडतो. काही नट मात्र यात इतके तरबेज झालेत की कानावर येणारं पुढचं वाक्य ऐकत ऐकत चालू वाक्य बोलतात आणि विराम योग्य जागीच टाकतात. हेही कसबच आहे. त्याला पुरस्कार मिळत नाही, एवढंच.

आता सीन घेतात कसा ते बघा. आधी सगळे दिसतील असा मास्टर. मग एका दिशेचं लायटिंग लावून त्या बाजूला तोंड असलेल्यांचे सगळे क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे जवळचे शॉट. मग लाइट फिरवून दुसरी बाजू. दोन नटांच्या तारखा जुळत नसतील तर समोरचा नसतानाच क्लोज उरकतात आणि त्याची वाक्यं असिस्टंट सपाट आवाजात वाचतो. "तुमच्या मुलाचा अपघात झालाय" हे वाक्य हातात पॅड धरलेल्या पोराकडून ऐकून आईने कोसळायचं. हा प्रकार ओळखायचा तर एक बघा: दोन पात्रं संपूर्ण सीनभर एकदाही एका फ्रेममध्ये आली नाहीत आणि दोघांच्या नजरेची उंची जुळत नाही. तो साडेपाच फुटांचा, ती पाच फुटांची, पण तिची नजर सरळच. अशा सीनमध्ये नट कोरडा वाटला तर मी गुण कापत नाही. उलट अशा सीनमध्येही जो जिवंत राहतो त्याची नोंद ठेवतो.

रविवारी दुपारी शिवाजी मंदिरला किंवा गडकरीला नाटकाचा प्रयोग असणारी मंडळी मालिकेत भरपूर असतात. त्या दिवशीचं शूटिंग त्यांच्याशिवाय लावावं लागतं. अचानक आत्या पुण्याला गेली, काका साइटवर अडकले, अशी वाक्यं आली की बरेचदा कारण कथेत नसतं, तारखांच्या वहीत असतं.

आणि ते तीन-तीनदा वळणारे चेहरे. कुणीतरी "हे मूल माझं नाही" म्हणतं आणि कॅमेरा सहा जणांवरून फिरतो. प्रत्येकाला दोन सेकंद धरले तरी बारा सेकंद, मुख्य पात्रं तीनदा दाखवली की वीस. असे तीन धक्के एका भागात असले तर एक मिनिट फुकटात भरलं. हे चेहरे पुष्कळदा गठ्ठ्याने घेतात: "एक आश्चर्य द्या, एक राग, एक काळजी, एक छद्मी हसू." मग एडिटर हवा तो चेहरा हव्या त्या वाक्याला चिकटवतो. त्यामुळे सासूबाई डोळे जरा जास्तच वटारतायत असं वाटलं, तर शक्यता अशी की त्यांनी ते डोळे भलत्याच वाक्यासाठी वटारले होते. क्लोजमध्ये मागची भिंत आणि पदराची घडी बघा. मास्टरमध्ये पदर खांद्यावरून पुढे आणि क्लोजमध्ये मागे, म्हणजे तुकडा दुसरीकडचा.

आता मूळ मुद्दा. नट जोखायचा तर तो बोलत असताना जोखू नका. बोलताना त्याला संवाद असतो, कॅमेरा त्याच्यावर असतो, संगीत असतं, सगळी यंत्रणा त्याच्या बाजूने असते. तो ऐकत असताना बघा, आणि तेही क्लोजमध्ये नको. दोघंही फ्रेममध्ये असलेल्या शॉटमध्ये बघा, कारण तिथे एडिटरला लबाडी करता येत नाही. ऐकणारा नट तीन प्रकारचा असतो. पहिला आपली पाळी येण्याची वाट बघतो. त्याचे ओठ समोरच्याचं वाक्य संपायच्या आत किंचित हलतात आणि श्वास आधीच भरलेला असतो. दुसरा 'ऐकण्याचा अभिनय' करतो. प्रत्येक शब्दाला भुवई, प्रत्येक स्वल्पविरामाला मान. तिसरा खरोखर ऐकतो, म्हणजे बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर काहीच होत नाही आणि एका विशिष्ट शब्दाला काहीतरी होतं. ते बहुतेक वेळा वाक्याच्या मध्यावर होतं, शेवटी नाही. माणसाला वाईट बातमी वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच कळते, म्हणून.

करून बघायचं असेल तर पाच मिनिटं आवाज पूर्ण बंद करा. संगीत गेलं की निम्मे चेहरे उघडे पडतात. कोण काय बोलतंय हे न कळताही कोणाचं कोणाशी बिनसलंय हे कळत असेल, तर त्या मंडळींना काम येतं. दुसऱ्या फेरीत उलटं करा: स्क्रीनकडे पाठ आणि फक्त कान. इथे वेगळीच गंमत कळते.

कारण मराठी मालिका मुळात कानांसाठी लिहिलेली असते. संध्याकाळी सात ते दहा हा प्राइम टाइम म्हणजे मुंबईतल्या घरात कुकरच्या शिट्ट्यांचा वेळ. पोळ्या लाटणारी बाई टीव्ही 'ऐकते'. म्हणून प्रत्येक वाक्यात नातं येतं, "आई, तुम्ही दादांना सांगितलंत का की वहिनी माहेरी गेल्यात?" असं. प्रत्यक्षात घरात असं कोणी बोलत नाही. म्हणूनच नटाला आवाजात भाव जरा जाड करावा लागतो. आपण त्याला ओव्हरॲक्टिंग म्हणतो, पण फोडणीच्या आवाजावरून पलीकडे पोचायचं तर एवढं लागतंच. याच्या अगदी उलट टोकाला लोकलमधला प्रेक्षक. डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून, कानात इअरफोन, ॲपवर कालचा भाग दीडपट वेगाने. कथा कळायला हे चालतं. पण अभिनयावर मत द्यायचं असेल तर दीडपट वेग सोडा. त्या वेगात दोन सेकंदांचा विराम साधारण सव्वा सेकंदाचा होतो आणि चांगला नट नेमका त्या उरलेल्या पाऊण सेकंदात काम करत असतो.

रडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण फसगत इथेच जास्त. ग्लिसरीनचा थेंब दाट असतो. तो गालावरून सावकाश उतरतो, मण्यासारखा गोल राहतो आणि एकाच रेषेत जातो. मेंथॉलची कांडी डोळ्याखाली लावली तर डोळे खरोखर चुरचुरतात, लाल होतात, पाणी पातळ येतं. पण ग्लिसरीनच्या थेंबाने नाक कोरडंच राहतं. खरं रडताना माणसाला आधी आवंढा येतो, मग आवाज ओला होतो, मग डोळ्यांत पाणी आणि नाकही. आवाज खणखणीत आणि गाल ओले असतील तर बाटली आली हे समजावं. पण याने नट वाईट ठरत नाही! एका दिवसात चार सीन रडायचे आणि प्रत्येक सीन पाच अँगलने घ्यायचा म्हटल्यावर बाटली लागणारच. बघायचं ते हे, की बाटलीतलं पाणी गालावर असताना नट रडू दाबायचा प्रयत्न करतो की रडू दाखवायचा. घरातली माणसं सहसा दाबतात. बाय द वे, डाव्या गालावरचा थेंब पुढच्या कटला गायब आणि त्याच्या पुढच्या कटला परत हजर, ही कंटिन्युइटीची चूक. ती नटाच्या खात्यात मांडू नये.

हातांकडेही बघावं. मालिकेतला चहाचा कप रिकामा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी काही नट तो भरलेला असल्यासारखा उचलतात. मनगटावर वजन दिसतं, ओठ आधी कडेला टेकतात, मग कप कलतो. बाकीचे कप खेळण्यासारखा फिरवत बोलतात. सुटकेसचं तसंच. घर सोडून निघालेली नायिका दोन बोटांवर बॅग उचलून दारापर्यंत जाते, तेव्हा तिने आयुष्य बांधून घेतलंय असं कोणाला वाटेल? भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, देवाची भांडी घासणं ही कामं बोलता बोलता सलग करता येणारी नटी मला मोठ्या संवादफेकीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. त्यातही कसोटी अशी: काम तिच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतं का? राग आला की मेथीची पानं जोरात खुडली जातात, आणि धक्का बसला की हात थांबतो, पण जुडी हातातच राहते. जुडी खाली पडली की समजा, दिग्दर्शकाला घाई होती.

बोलीचा विषय काढला की माझा तोल जातो. सगळ्या महाराष्ट्राला एकच 'गावाकडची भाषा' आहे अशी पटकथाकारांची समजूत दिसते: 'लय', 'व्हय', 'न्हाय' पेरलं की झालं गाव. कोल्हापूरकडे बाई "मी आलो", "मी जातो" म्हणते, तिथलं ते सहज बोलणं आहे. मालिकेतली कोल्हापूरची सून मात्र "म्या आली" म्हणते. वऱ्हाडात 'मला'चं 'मले' होतं, 'का'चं 'काऊन', आणि क्रिया 'करून राहिली' अशी चालते. मालवणीत 'आहे'चा 'आसा', 'कुठे'चं 'खंय', 'कशाला'चं 'कित्याक'. शब्द पाठ करणं सोपं आहे, सूर अवघड. मालवणी वाक्य जिथे वर जातं तिथे मुंबईत शिकलेला नट खाली येतो आणि सगळं उसनं वाटतं. 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळ आकेरीत चित्रित झाली. तिच्यात वाड्याइतकंच काम त्या बोलीने केलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक भीतिदायक वाटायचे त्यात आवाज चढवण्याचा भाग कमी होता. समोरच्याचं बोलणं संपल्यावर ते उत्तर द्यायला जो वेळ घ्यायचे, त्या वेळात घरातल्या सगळ्यांचे श्वास अडकायचे. शकुंतला नरेंची माई त्या वेळात पदराशी जे काही करायची, तेच मी वर म्हटलेलं ऐकणं.

तुलना करून शिकायचं असेल तर रिमेकसारखी दुसरी शाळा नाही. 'आई कुठे काय करते' ही २०१९ ते २०२४ चाललेली मालिका बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली, आणि त्याच मुळावरून २०२० साली हिंदीत 'अनुपमा' आली. इंद्राणी हलदर, मधुराणी प्रभुलकर आणि रूपाली गांगुली, तिघींना सुरुवातीचं दुखणं एकच: घरासाठी राबणारी, नवऱ्याला नकोशी झालेली बाई. तिन्हींचा नवऱ्याचं प्रकरण कळण्याचा टप्पा एकामागून एक बघा. रूपाली गांगुली दुःख बाहेर टाकते, तिचं स्वगत सभागृहासाठी असतं, आणि हिंदी मालिकेला ते पेलतं. मधुराणीची अरुंधती आवाज खाली नेते, जवळपास स्वतःशी बोलल्यासारखी. वरच्या ओला-आवाज कसोटीवर ती मला सरस वाटते. मात्र पुढच्या वर्षांत जेव्हा प्रत्येक भागात कोणाला तरी उपदेश करायची वेळ तिच्यावर आली, तेव्हा तीच खालची पट्टी एकसुरी झाली. हा दोष कोणाचा? शीर्षकांत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं असतात. मालिका लांबली की त्यातली बदलतात. एखादं पात्र अचानक वेगळंच बोलायला लागलं, तर 'संवाद' या ओळीखालचं नाव तपासा.

आणि टीआरपी. कोण काय बघतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मीटर्स देशभरात पन्नास हजारांहून अधिक घरांत आहेत. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे गुरुवारी येतात. आधीच तयार ठेवलेल्या भागांची बँक चार-पाचच असेल तर गुरुवारचा आकडा पुढच्या आठवड्यातच पडद्यावर दिसतो. खलनायिकेचा भाग चढला की तिचे सीन वाढतात, तिला नवीन काही करायला न देता. म्हणून कुठल्याही नटाचं काम बघायचं तर पहिले साठेक भाग बघावेत. तोवर पात्राचा कागदी आराखडा शिल्लक असतो.

विनोदी कार्यक्रमांत निकष थोडा बदलतो, कारण तिथे समोर माणसं असतात. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधल्या समीर चौघुलेंना बघा. हशा सुरू झाला की ते थांबतात, पण पूर्ण विरेपर्यंत थांबत नाहीत; हशा निम्म्यावर आला की पुढचं वाक्य टाकतात. पूर्ण विरू दिला तर परत शून्यातून चढायला लागतं. आणि आधीच टाकलं तर वाक्य हशात बुडतं. हे रंगभूमीवरचं गणित आहे, मालिकेतून आलेल्यांना ते पटकन साधत नाही. नम्रता संभेराव थांबण्याच्या त्या काळात पात्र सोडत नाही, हे तिचं बलस्थान. वरून चढवलेला हशा ओळखायची खूण: तो प्रत्येक वेळी सारख्याच लांबीचा असतो आणि वाक्य संपल्यावरच सुरू होतो. खरा हशा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर चढतो, त्यात एखादाच माणूस उशिरा हसतो.

रिॲलिटी शोमध्ये अभिनय नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं वाचावं. मराठी 'बिग बॉस' २०१८ मध्ये सुरू झाला. पहिलं घर लोणावळ्यात होतं, दुसऱ्या पर्वात ते गोरेगावला आलं. घरातले २४ तास म्हणजे १४४० मिनिटं. एक तासाच्या स्लॉटमध्ये आपल्याला दिसतात त्यातली अठ्ठेचाळीसच्या आत, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून कमी. तेव्हा 'अमुक दिवसभर भांडतो' हे आपलं मत एडिटरने निवडलेल्या साडेतीन टक्क्यांवर उभं असतं. जोडकाम पकडायच्या जागा ठरलेल्या आहेत. वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, पाठ किंवा लांबचा शॉट येतो, आणि आवाजाची पट्टी किंचित बदलते. म्हणजे वाक्याचं शेपूट दुसरीकडून आणलंय. भांडण ऐकून तोंड वाकडं करणारी तिसरी व्यक्ती त्या दोघांबरोबर एकदाही फ्रेममध्ये नसेल, तर ती कदाचित आमटीत मीठ जास्त झालं म्हणून तोंड वाकडं करत असेल. केस ओले की वाळलेले, टीशर्ट तोच का, खिडकीतला उजेड कुठून, हे बघत राहिलं की दहा मिनिटांत दोन तरी सांधे सापडतात.

स्पर्धकांतही ऐकण्याचीच कसोटी लागू पडते. २०२४ च्या पाचव्या पर्वात सूरज चव्हाण जिंकला. पर्व सत्तर दिवसांचं होतं. भाषेवर, चातुर्यावर तो कोणालाच भारी नव्हता. पण शनिवार-रविवारी 'भाऊच्या धक्क्या'वर रितेश देशमुख बोलत असताना (भाऊच्या धक्क्यावर मासळी स्वस्त मिळते, इथे बोलणी फुकट) बाकीचे ऐकण्याचा चेहरा करून बसायचे. हा मात्र खरोखर ऐकायचा, आणि कळलं नाही तर कळलं नाही असं चेहऱ्यावर दिसायचं. तयार उत्तरं घेऊन बसलेल्या मंडळींमध्ये ते उठून दिसलं.

गाण्याच्या स्पर्धांत मात्र परीक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जाऊ नका. प्रक्षेपणाआधी आवाजावर मिक्सिंगचे हात फिरलेले असतात, त्यामुळे सूर घरी बसून जोखणं कठीण. श्वास जोखा. लांब ओळीच्या आधी गायक श्वास कुठे घेतो, शब्द तोडून घेतो की ओळींच्या फटीत, माइक तोंडापासून कधी दूर नेतो. वरच्या सुराला माइक हलला नाही आणि आवाजही फुटला नाही, तर मिक्सिंगवाल्याने मेहनत घेतलीय. आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांत पहिल्या रांगेतला निळ्या शर्टातला माणूस मध्यंतरानंतर चौथ्या रांगेत दिसला, तर त्या टाळ्या कुठल्या गाण्याला होत्या ते विचारत बसू नका.